गाळाचा कागद

मु. खडकवाडी, पो. लिंबागणेश, जि. बीड
१४ ऑक्टोबर १९७२

चि. गहिनीनाथ यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. मजकूर चार ओळी आणि सही अर्ध्या कार्डावर, ही मुंबईच्या चित्रकारांची रीत दिसते. जेवतोस कुठे, तेही लिहीत जा. चित्रांचं मला फारसं कळत नाही, जेवणाचं कळतं.

इकडे पाऊस नाहीच. पोळ्याला चार थेंब आले, त्यावर माणसांनी ज्वारी पेरली, ती वीतभर होऊन करपली. मांजरसुंब्याच्या रस्त्याला खडी फोडायचं सरकारी काम निघालंय. निम्मं गाव सकाळी भाकरी बांधून तिकडे जातं. भाकरी तरी कसली, रेशनला मिलो म्हणून परदेशी लाल ज्वारी मिळते. थापायला घेतली की हातावरच फुटते.

आपली कागदाची सोसायटी तेवढी चालू आहे. मी पुण्याहून हातकागद शिकून आले तेव्हा लोक हसले होते, सासरहून परत आलेली बाई आता चिंध्या कुटणार म्हणून. आता त्याच चिंध्यांवर डझनभर घरांच्या चुली पेटतात. दादा चेअरमन म्हणून मिरवतो, मी चिटणीस म्हणून राबते. सोसायटीच्या विहिरीला पाणी आहे तोवर हौद भरता येईल. हातकागदाला पाणी किती लागतं हे तुला सांगायला नको. चिंध्या धुवायला पाणी, कुटायला पाणी, लगदा हौदात तरंगायला पाणी.

तू मागितलेले जाड ताव पाठवले आहेत. सगळे छबुबाईनं उचलले. साचा हौदात बुडवून सारखी जाडी वर काढायची, हे तिच्याइतकं कुणाला साधत नाही. एका तावात कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीचा तुकडा दिसेल. मी तो बाजूला काढणार होते, पण तिनं तो मुद्दाम घातला होता. म्हणाली, धाकल्या मालकाला गावाची आठवन ऱ्हाईल. तिचा नवरा आसाराम यंदा ऊसतोडीला जायचं म्हणतो, तीही जाईल या भीतीनं मी रोज दोघांची समजूत घालते.

लोभ आहेच, तो पत्रातून तरी दिसू दे.
तुझी,
सत्यभामा

मुंबई
६ नोव्हेंबर १९७२

ती. अक्कास,
गहिनीनाथचा कृ. शि. सा. न. वि. वि.

जेवण खानावळीत, दोन्ही वेळा. झालं समाधान?

अक्का, तुझे ताव समोर ठेवून रंग कालवले आणि रात्रभर तसेच बसून राहिलो. लावावासाच वाटेना. त्या पऱ्हाटीच्या काडीभोवती कागदाला एक सुरकुती पडली आहे, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याजवळ असते तशी. मी सात वर्षं ब्रश घेऊन जे करायचं म्हणतोय ते छबुबाईच्या चाळ्यानं होऊन गेलं. मला वाटलं, कागदावर चित्र काढायचंच कशाला? लगदाच ओता, दाबा, फाडा, त्यात माती घाला, काड्या घाला. कागदच चित्र होईल.

इथल्या मित्रांना सांगितलं तर दोघं हसले आणि एक गप्प झाला. गप्प झालेला सर्वांत हुशार आहे.

मी नाताळात येतो. धुळाजी सुताराला सांगून दाराएवढा साचा करून घे. चौघींना उचलता आला पाहिजे. दादांना तू सांग, माझं ऐकलं की ते आधी लग्नाचं काढतात.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं मागतो.
गहिनी

खडकवाडी
१९ जानेवारी १९७३

चि. गहिनीनाथ यास,
आशीर्वाद वि. वि.

तू गेल्यापासून शेड ओकीबोकी वाटते. पोरं अजून विचारतात, पलंग धुनारा मामा कवा येनार. तो दाराएवढा साचा हौदातून निघताना त्यांना पलंगासारखा दिसायचा. पहिला ताव चौघींच्या हातून मधोमध फाटला तेव्हा तू डोक्याला हात लावून बसलास आणि छबुबाई लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसली, ते आठवून बायका अजून हसतात. दुसरा ताव तिनं एक कड धरून, बाकीच्या तिघींना दटावत, अलगद काढला. ओल्या लगद्यावर तू बोटांनी दाबत होतास आणि आम्ही भाकरी थापताना बघावी तशी बघत होतो. खरं सांगते, मला ते आवडलं. का आवडलं ते विचारू नकोस.

विहिरीची रोज एक एक पायरी उघडी पडते. गावचा आड कधीच कोरडा पडला. दादा म्हणतो फिकीर नको. त्याचं लक्ष सध्या साखर कारखान्याच्या संचालकपदावर आहे, फिकीर करायला त्याला सवड नाही.

अंगावर काढू नकोस, खोकला होता तुला.
तुझी,
अक्का

मुंबई
२ मार्च १९७३

ती. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

बातमी अशी आहे की माझं प्रदर्शन ठरलं. मे महिना, मुंबईतली चांगली गॅलरी, एकट्याचं. नाताळातले ताव पाहून तिथल्या बाईंनी दुसऱ्याच भेटीत तारीख दिली. माझ्या बरोबरचे लोक दहा दहा वर्षं त्या दारात उभे आहेत.

भिंती मोठ्या आहेत. आणखी सहा मोठे ताव तरी हवेत, नाहीतर सगळं विरळ दिसेल. मी एप्रिलात येतो. आठ दिवसांत उरकू. छबुबाईला सांगून ठेव, ती असली की बाकी कुणाची चिंता नाही.

अक्का, अशी संधी मला पुन्हा मिळायची नाही. एवढं कर.
गहिनी

खडकवाडी
१४ मार्च १९७३

चि. गहिनीनाथ यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून मी शेडमध्ये सगळ्यांना साखर वाटली. रेशनची होती, चिमूटभरच आली वाटणीला, पण वाटली.

आता वाईट ते लिहिते. गावात पाणी आता फक्त सोसायटीच्या विहिरीला आहे. मागच्या आठवड्यात आम्ही बायकांनी बसून ठरवलं की पाऊस पडेपर्यंत हौद बंद. विहीर सगळ्या गावाला प्यायला मोकळी, पोहऱ्यानं शेंदून घ्यायचं, इंजिन लावायचं नाही. हौद बंद म्हणजे आमचंही काम बंद, तरी पहिला हात छबुबाईनं वर केला. ती म्हणाली, कागद काय, फुडल्या सालीबी व्हईल. दादानंही सगळ्यांसमोर मान डोलावली.

तेव्हा तुझे सहा ताव होणार नाहीत. एक हौद भरायला जेवढं पाणी लागतं त्यात अर्धं गाव दिवस काढतं. हे ‘नाही’ मी तुला म्हणत नाही, पाण्यापायी म्हणते. आहेत तेवढेच ताव लाव. भिंत थोडी मोकळी दिसली म्हणून कुणी उठून जाणार नाही.

रागावशील. रागाव, पण पत्र पाठव.
तुझी,
अक्का

मुंबई
२२ मार्च १९७३

ती. दादांस,
गहिनीनाथचा शि. सा. न. वि. वि.

प्रदर्शनाचं अक्कानं सांगितलंच असेल. तिनं हौद बंद केलाय. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण आठ दिवसांनी काय फरक पडणार आहे? निमंत्रणपत्रिकेवर खडकवाडी हातकागद सोसायटीचं नाव घालीन, चेअरमन म्हणून तुमचंही. वर्तमानपत्रांचे लोक येणार आहेत.

तुम्ही मनात आणलं तर होईल. अक्काशी मी बोलत नाही, तिला उगीच त्रास.

आपला,
गहिनी

खडकवाडी
१ एप्रिल १९७३

चि. गहिनीनाथ यास,
राधाकिशनचे आशीर्वाद.

पत्र पावले. एवढ्या लहान गोष्टीसाठी रडगाणं कशाला बे? भाऊ चेअरमन असून तुझं काम अडायचं, असं व्हायचं नाही.

सत्यभामा येत्या सोमवारी परळीला निघाली आहे. विमलमावशीला कावीळ झालीय, पंधरा दिवस तरी तिचा तिकडे मुकाम आहे. तू बुधवारी ये. गाव आता दिवसभर तलावाच्या सरकारी कामावर असतं, तेवढ्या वेळात इंजिन चालवून हौद भरून घेऊ. प्यायच्या पाण्याचा इंतजाम मी केलाय, तहसिलात टँकरसाठी बोललोय, आठवड्यात लागेल. छबुबाई जरा आढेवेढे घेईल. तू स्वतः बोल, तुझं ऐकेल. बाकी बायकांना तोंड बंद ठेवायला मी सांगतो. सत्यभामेच्या कानावर जायचं कारण नाही.

पत्रिकेवर नाव ठळक छापायला सांग. कारखान्याच्या मंडळींना दाखवायला बरं पडतं. आणि त्यातलं एक चित्र आपल्या बैठकीत लावायला पाठव, मोठंसं.

राधाकिशन

मुंबई
२६ एप्रिल १९७३

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. ताव वाटेत मोडले नाहीत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

शेवटच्या दोन दिवसांत इंजिनानं गाळच ओढायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही हळहळलात, पण मी मनातून नाचत होतो. तो करडा, निळसर झाक असलेला गाळ लगद्यात मिसळला आणि जे हवं होतं ते मिळालं. असा रंग मुंबईच्या कुठल्या दुकानात नाही. वाळल्यावर तावाला भेगा पडल्या आहेत, त्या मी तशाच ठेवणार. छबुबाईनं वाऱ्यात ती कड कशी सांभाळली, देव जाणे.

टँकर आला का? नसेल तर तहसिलात पुन्हा जाऊन या.

आपला,
गहिनी

खडकवाडी
८ मे १९७३

चि. गहिनीनाथ यास,
आशीर्वाद.

मन ठिकाणावर नाही, म्हणून अक्षर असं आलंय.

मी परळीहून आले तेव्हा विहीर तळाला गेली होती. जाताना पुरुषभर पाणी होतं. दादाला विचारलं, तो म्हणाला ऊन लई, झरे आटले. बायकांना विचारलं, कुणी वर बघेना. मला वाटलं, भुकेनं माणसं अबोल होतात, तसं असेल. टँकर येणार येणार म्हणतात, तो मांजरसुंब्याच्या पुढे येतच नाही.

मग काय, बायका दोर लावून विहिरीत उतरायला लागल्या. तळाशी खड्डा करायचा, पाझर धरला की वाटीनं घागर भरायची. अंगानं हलकी म्हणून छबुबाई रोज उतरायची. गेल्या शुक्रवारी तिला वर ओढत असताना दोर कडेच्या दगडात अडकला, जोर लावल्यावर दगडच निसटले. ती खाली पडली आणि वर दोन दगड. आसाराम तलावाच्या कामावर होता. दादाची गाडी जुंपून मांजरसुंब्याला नेलं, तिथून एका ट्रकवाल्यानं बीडला दवाखान्यात पोचवलं. कमरेचं हाड मोडलंय. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले काठी घेऊन चालेल कधीतरी, पण वाकायचं, उचलायचं आता विसरा.

तुला लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुझ्या मोठ्या तावाची कड पहिल्यांदा तिनं धरली होती.

तुझं प्रदर्शन कसं पार पडतंय? सहा ताव कमी पडले असतील, त्याची रुखरुख मला आहेच.

अक्का

मुंबई
२३ मे १९७३

ती. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून सुन्न झालो. छबुबाईसारख्या बाईवर हे यावं. या वर्षी सगळ्या मराठवाड्याचीच अशी दशा आहे, कुणाला बोल लावायचा? तिला सांग मी विचारलं म्हणून. तू स्वतःला जप.

प्रदर्शन कालच संपलं. तुला काय काय सांगू? रोज माणसं येत होती. मधल्या भिंतीवर गाळाच्या रंगाचे ताव लावले होते, त्या मालिकेला मी नाव दिलं ‘तळ’. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की या कागदांसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडते. दोन मोठ्या संग्राहकांनी चित्रं मागितली. ज्या शिक्षकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही ते येऊन पाठीवर हात ठेवून गेले.

तावांची चिंता करू नकोस. नाताळातले काही उरले होते, त्यातूनच निभावलं.

दादांसाठी एक चित्र पाठवतोय, त्यांनी मागितलं होतं.

तुझा,
गहिनी

खडकवाडी
१५ जुलै १९७३

चि. गहिनीनाथ यास,
आशीर्वाद.

पाऊस मनासारखा झाला. पेरण्या आटोपल्या. तुझं चित्र पोचलं, बैठकीत लावलं. कारखान्याचे चेअरमन आले होते. आधी ते म्हणाले की भिंतीचे पोपडे निघालेत की काय, मग मी वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं तेव्हा उठून उभे राहिले. संचालकपदाचं माझं नाव आता पक्कं समज.

एक तकरार लिहितो. सत्यभामेनं चित्र पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. कसं ते मला ठाऊक नाही. चार दिवस घरात जेवली नाही. मग सोसायटीची सभा बोलवा म्हणून बसली. सगळ्यांसमोर म्हणाली की चेअरमननं ठराव मोडून विहीर उपसली, त्यानं खुर्ची सोडावी. सख्खी बहीण! मी शांत राहिलो. म्हणालो, ज्यांना मी नको त्यांनी हात वर करा. बायकांनी पदर सावरले, कुणी जमीन उकरत बसली. एकट्या भिवराबाईनं हात वर केला, तोही खांद्यापर्यंत. छबुबाईच्या वतीनं आसाराम उभा राहिला. म्हणाला, मालकांनी बायकूला दवाखान्यात नेलं, आमचं काय म्हननं न्हाई. त्याला ऊसतोडीची आगाऊ उचल पाहिजे, त्यासाठी मुकादमाला माझी चिठ्ठी लागते. बाकीच्यांचंही तेच. सहकारात भावना चालत नाहीत, हे सत्यभामेला कळायला उशीर झाला.

सोसायटी आता तशीही तोट्यात आहे. ती गुंडाळून ती जमीन आणि विहीर उसाच्या बेण्याच्या मळ्याला देतोय. तू एकदा तिला समजावून लिही. माझ्याशी ती बोलत नाही.

राधाकिशन

मुंबई
१८ ऑगस्ट १९७३

ती. अक्कास,
कृ. शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. दादांनी सभेचं कळवलं. म्हणजे तुला माहीत झालंय.

अक्का, टँकर लागणार आहे असं दादांनी मला स्पष्ट लिहिलं होतं. मी त्या भरवशावर आलो. गावाला तहानलेलं ठेवून चित्रं करीन असा मी आहे का? विहीर तशीही महिनाभरात आटलीच असती. आणि छबुबाईला मी जबरदस्ती केली नाही, तिलाच विचार. तुझ्यापासून लपवलं, तेवढं चुकलं. तू दुखावशील म्हणून लपवलं.

आता पुढचं ऐक. ‘तळ’ दिल्लीला बोलावलंय, हिवाळ्यात. तिथून कदाचित बाहेरदेशी. आणखी तीसेक मोठे ताव लागतील. दादा सोसायटी बंद करतायत तर करू देत. तू मुंबईला ये, आपण दोघं मिळून कारखाना काढू, चित्रकारांसाठी कागद करू. तुला चिटणीस म्हणून कुणापुढे उभं राहावं लागणार नाही. आणि दिल्लीच्या पुस्तिकेत मी छबुबाईचं नाव छापणार आहे. माझ्या नावाखाली, पण स्वतंत्र ओळीत. असं आजवर कुणी केलेलं नाही.

एवढा अबोला धरू नकोस. तुझ्याशिवाय मला हे कुणाला दाखवावंसं वाटत नाही.

तुझा,
गहिनी

लिंबागणेश
१९ ऑक्टोबर १९७३

चि. गहिनीनाथ यास,
आशीर्वाद.

वरचा पत्ता बघून तुला कळलं असेलच. मला इथल्या बालवाडीत काम मिळालं. गणपतीच्या देवळामागे एक खोली घेतली आहे. छबुबाई माझ्याकडेच असते.

चित्र गावात आलं त्या दिवसाचं दादानं तुला आपल्या परीनं लिहिलं असेल. माझं ऐक. बैठकीत कुणी नव्हतं. मी दारातून आत गेले आणि तिथंच थांबले. गहिनी, चित्र फार चांगलं आहे. त्या भेगा, तो खाली उतरत गेलेला करडा रंग, मधे एका जागी लगदा इतका पातळ की पलीकडची भिंत दिसावी. मला घोटभर पाणी प्यावंसं वाटलं. खरोखर घसा सुकला. तांब्याकडे हात गेला आणि मग त्या रंगाची ओळख पटली. नाताळात तू होतास तेव्हा विहीर अर्धी भरलेली होती, हा गाळ तेव्हा पाण्याखाली होता. तरी मी मनाला म्हणत होते की असेल कुठला तरी दुसरा.

मग छबुबाईनं हट्ट धरला, मला बी बघू द्या. आसाराम आणि भिवराबाईनं बाजेवर घालून आणली. तिनं मान वाकडी करून चित्र पाहिलं आणि तिचं तोंड एवढं उजळलं की काय सांगू. बोटानं दाखवून म्हणाली, ही डावी कड म्या धरली व्हती, वारं लई व्हतं, पर फाटू दिली न्हाई. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिनं बोट मागं घेतलं. नंतर म्हणाली, अक्का, तुमाला सांगनार व्हते, मोठ्या मालकानी नको म्हनलं. मी विचारलं, अगं पण तूच पहिला हात वर केला होतास, मग कशापायी गेलीस? ती म्हणाली, धाकले मालक लई तळमळत व्हते, मला बघवंना.

तू लिहितोस, जबरदस्ती केली नाही. खरं आहे, केली नाहीस. गरजच पडली नाही तुला.

टँकरचंही खरं असेल. दादानं तुला तसं लिहिलंही असेल. पण टँकर आला नाही आणि ती विहिरीत पडली, हे मी तुला मे महिन्यात कळवलं होतं. तेव्हा तू काय लिहिलंस? नाताळातले काही ताव उरले होते. माझ्या पत्रात तिच्या कमरेचं हाड मोडलेलं होतं, ते वाचून तू पेन उचललंस आणि ही ओळ लिहिलीस. दादाचं मला वाईट वाटत नाही. तो काय आहे ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझं चित्र वाईट असतं तर मला सोपं गेलं असतं. एक बिनकामाचा पोरगा आला, पाणी नासून गेला, एवढं म्हणून मी मोकळी झाले असते. ते चांगलं आहे. त्या सभेत बायका खाली बघत बसल्या तेव्हाही ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तेव्हाही ते चांगलंच होतं. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुला कळलं तर स्वतःशी ठेव.

आता इकडचं लिहिते. आसाराम गेला. ऊसतोडीला मुकादम एकट्या माणसाला धरत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, वाहायच्या. छबुबाईला तर वाकता येत नाही. दसऱ्यानंतर तो नेकनूरकडून एक बाई घेऊन आला. हार घातले, ओटीवर चहा झाला, एवढंच. छबुबाईनं त्याची भांडी स्वतः बाचक्यात भरून दिली, तवा कोणता चांगला तापतो तेही त्या बाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक निघाला. संध्याकाळी मी तिला गाडीत घालून इकडे आणलं. एका बाईला घरातून उठवायला किती कमी कारण पुरतं, हे मला कुणी शिकवायला नको. रात्री ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, त्याचं बी पोट हाय.

पुस्तिकेत नाव छापायचं तिला सांगितलं. तिनं विचारलं, ते बुक आपल्याकडं कोन वाचनार? मी म्हणाले, कुणी नाही. मग ती म्हणाली, छापू द्या, धाकल्या मालकाला बरं वाटंल. तिनं होकार दिलाय. तो तुला कळवायचा माझा जिम्मा होता, कळवला. तिचं नाव छबुबाई आसाराम असं छापू नकोस एवढंच माझं म्हणणं. नुसतं छबुबाई.

मी मुंबईला येणार नाही. ताव तुला दुसरीकडे मिळतील, हातकागद करणारे आणखी आहेत. आपल्या हौदात आता दादा उसाचं बेणं भिजवतो. परवा तिकडून जाताना पाहिलं, विहीर काठोकाठ भरली होती आणि इंजिन चालू होतं.

प्रकृती जप. दिल्लीला थंडी असते, अंगावर जाड काहीतरी घे.

एवढं लिहून खाली ‘लोभ असावा, ही विनंती’ ही ओळ लिहायला घेतली आणि हात थांबला. तुला विनंती करावी असं त्यात आता काही उरलं नाही. माझा आहे, तो जात नाही. जावा म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले.

अक्का